हेलन, गायी सुटल्या!

"तुम्हीच का ते गायीवाले?"

मर्ल स्टबी तेव्हा कमरेपर्यंत खड्ड्यात होता. विहिरीत दोनशे फूट खोल सोडलेला पंप वर घ्यायचा म्हणजे वीस-वीस फुटांचे पाइप एकामागून एक ओढून काढायचे. सहावा पाइप निम्मा वर आला होता, तेवढ्यात डोळ्यांसमोर दोन पांढरेशुभ्र बूट येऊन उभे राहिले. विस्कॉन्सिनमध्ये गोठ्याशेजारी असे बूट एकतर नवरदेव घालतो, नाहीतर टेक्ससचा माणूस.

"गायीवाला तो तिकडे," मर्लनं पान्यानं गोठा दाखवला. "मी पंपवाला."

"म्हणजे मर्ल स्टबी ना? सर, मी कोल्टन. हेरन्स पथकाचा नवा दिग्दर्शक."

"बरं झालं आलात. जरा धरा हो हा पाइप. एका हातानं नाही, दोन्ही हातांनी. मिठी मारा त्याला. सुटला तर पंप जाईल तळाला आणि घरातली सात माणसं बसतील महिनाभर बिनआंघोळीची."

कोल्टननं घाबरून पाइपाला मिठी मारली. तिशीतला, देखणा, केस चापूनचोपून बसवलेला पोरगा. त्याच्या पांढऱ्या शर्टावर गंजाचा लालभडक पट्टा उमटला. मर्ल खड्ड्यातून बाहेर आला, उलट्या बादलीवर बसला, थर्मासमधली कॉफी ओतली आणि म्हणाला, "हं, बोला."

"सर, शनिवारी आपल्या गावात पथकांची स्पर्धा आहे."

"ठाऊक आहे. छत्तीस वर्षं दर उन्हाळ्यात असते."

"यंदाचा आमचा खेळ जरा वेगळा आहे. सुरुवातीला चाळीस सेकंद शांतता आहे. संपूर्ण. मग एक मुलगी एकटी बिगुलावर एक सूर धरते. तिच्यासमोर माइक आहे. तिचा श्वाससुद्धा ऐकू येतो."

"आणि?"

"आणि सर..." कोल्टननं पाइप दुसऱ्या खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला.

"हलू नका!"

"नाही हलत. सर, मागच्या महिन्यात नदीपलीकडच्या स्पर्धेत तुम्ही नेमके त्या चाळीस सेकंदांत ओरडलात. त्या मुलीला हसू फुटलं. सूर फाटला. पंच खेळ बघताबघता टेपवर शेरे बोलतात, त्या टेपवर तुमचा आवाज आहे. इंटरनेटवर त्याचा व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी बघितलाय."

"बघितलाय मी. खाली लोकांनी केवढं लिहिलंय! एक म्हणतो, ही परंपरा आहे. दुसरा म्हणतो, या म्हाताऱ्याला गोठ्यात बांधा. तिसऱ्यानं तर मला 'ध्वनिप्रदूषण' म्हटलंय. बायकोनं ते छापून फ्रिजवर लावलंय." मर्लनं कॉफीचा घोट घेतला. "आणि एकानं असंही लिहिलंय की खेळानंतरच्या बैठकीत तुम्ही पंचांवर आवाज चढवलात. म्हणालात, तो म्हातारा आमचा नाहीच."

कोल्टनचे कान लाल झाले. पोरगा खोटं बोलणारा नव्हता, एवढं मर्लनं त्याच्या खात्यावर जमा केलं.

"म्हणालो होतो, सर. रागाच्या भरात."

"हं."

"यंदा... फक्त यंदा नाही ओरडलात तर?"

मर्ल उठला, पान्यानं दोन आटे फिरवले, पाइप सुटा करून ट्रकवर टाकला. कोल्टन खालच्या पाइपाला तसाच चिकटलेला.

"सोडा आता तो. विहिरीच्या तोंडाशी चिमट्यानं धरलाय मघापासून. हत्ती लोंबकळला तरी पडणार नाही."

कोल्टननं एकदा चिमट्याकडे बघितलं, एकदा शर्टाकडे, मग मर्लकडे. आणि गाडीकडे जाताजाता त्याला हसू आवरेना. हे मर्लला आवडलं नाही. ज्याला हसता येतं, त्याच्याशी भांडणं फार अवघड जातं.

*

मर्लचं काय होतं, ते विलो लेक गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

हेरन्स म्हणजे बगळे, गावाचं ढोल-बिगुलाचं पथक. करडा-निळा गणवेश, डोक्यावर पांढरा तुरा. बगळ्यासारखं मान ताठ ठेवून चालायचं आणि मैदानावर कितीही काही झालं तरी चेहऱ्यावरची सुरकुती हलू द्यायची नाही, हा पथकाचा धर्म. एकवीस वर्षं पुरी झाली की पथकातून बाहेर. मर्ल त्यात बास ड्रम वाजवायचा. त्याच्या शेवटून दुसऱ्या उन्हाळ्यात शाळेच्या मैदानात नवं गवत पेरलेलं होतं, म्हणून पथकानं सराव केला तो एका शेतकऱ्याच्या कुरणाशेजारी. पहिल्याच दिवशी पाच बास ड्रम एकदम कडाडले आणि बेचाळीस गायी कुंपण मोडून थेट झेंडेवाल्या मुलींच्या रांगेत घुसल्या. मर्लच्या छातीवर भलामोठा ड्रम. स्वतःचे पाय दिसत नव्हते, पण घराच्या ओट्यावर केसांना गुंडाळ्या लावून बसलेली शेतकऱ्याची मुलगी दिसत होती. तिचं नाव त्यानं आदल्याच दिवशी खटपट करून मिळवलं होतं. तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "हेलन! गायी सुटल्या गं!"

अंधार पडेपर्यंत दोघं मिळून गायी गोळा करत होते. एकेचाळीस सापडल्या. बेचाळिसावी सापडेपर्यंत आठवडा गेला, आणि मर्लचं म्हणणं असं की तिचं दावं हेलननंच मुद्दाम सैल सोडलं होतं. हेलन हे कधी कबूल करत नाही, आणि नाकारतही नाही.

पुढच्या वर्षी लग्न, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मर्ल प्रेक्षकांत. गावची स्पर्धा. पथक मैदानावर येऊन उभं, स्टेडियम चिडीचूप, आणि पोरांच्या माना भीतीनं लाकडासारख्या झालेल्या मर्लला सगळ्यात वरच्या रांगेतून दिसत होत्या. त्याला राहवलं नाही. गायींचं तेच वाक्य तो पुन्हा ओरडला. शंभर हनुवट्या थरथरल्या, माना सैल पडल्या, आणि पोरं त्या दिवशी अशी वाजली की पंचांनी टोप्या काढल्या.

तेव्हापासून दर वर्षी, गावात आणि जवळपासच्या स्पर्धांत. इतर प्रेक्षकांसारखा मर्ल कधी वागला नाही. लोक काय कमी करतात? बिगुलाचा हळुवार सूर लागला की नेमके चीजचे तळलेले गोळे घेऊन लोकांच्या गुडघ्यांवरून चढत जागेवर येतात. गाड्यांच्या तळावर पथक सराव करत असतं, तिथं ताशात नाक घालून उभे राहतात. आपलं पथक हरलं की पंचांच्या आईची चौकशी करतात. मर्ल यातलं काही करायचा नाही. एका खेळाला एकदा एक वाक्य, बस्स. आता त्याशिवाय एकदा त्यानं शाळेच्या मैदानावरचे पाण्याचे फवारे पहाटे साडेपाचला आपोआप सुरू होतील असे लावून ठेवले होते, आणि तिथं परगावच्या पथकाचे शिक्षक गाद्या टाकून झोपले होते, हे खरं. पण ते पंपवाल्याच्या धंद्यातलं झालं.

आणि एक गोष्ट कोल्टनलाच काय, पथकातल्या कुणालाच माहीत नव्हती. त्या आरोळीला एक कामही होतं.

हेलन पथकाचा स्वयंपाकाचा ट्रक सांभाळायची. तीस उन्हाळे, दीडशे पोरं, दिवसाला चार जेवणं. पोरं तिला मॉम म्हणायची. एवढ्या वर्षांत तिनं हेरन्सचा खेळ एकदाही पाहिला नव्हता, कारण खेळ चालू असताना ती स्टेडियमच्या मागे ट्रकमध्ये असायची. जनरेटरच्या घरघरीत निवेदकाचा एक शब्द कळायचा नाही. पण मर्लचा आवाज जनरेटरला पुरून उरायचा. तो आला की हेलन मोठी पातेली चुलीवर चढवायची. खेळ अकरा मिनिटांचा. तेवढ्यात पाणी उकळायचं, मग मॅकरोनी टाकायची. पोरं गणवेश उतरवून येईपर्यंत ताटात गरमागरम मॅकरोनी-चीज. तीस वर्षांत एकदाही गार वाढलं नव्हतं.

*

त्या संध्याकाळी मर्लनं घरी सगळं सांगितलं. हेलन काकड्या चिरत होती.

"पाइप किती वेळ धरायला लावलास?"

"वीस मिनिटं."

"बिचारा." ती खूश होऊन म्हणाली. मग सुरी खाली ठेवली. "सांगितलंस का त्याला मंगळवारचं?"

मंगळवारी मर्लचं ऑपरेशन होतं. घशात गाठ होती. डॉक्टरीणबाई चांगली होती, तिनं आडपडदा ठेवला नव्हता. गाठ निघेल, माणूस राहील. आवाज मात्र अर्धाच उरेल. बोलता येईल, पण पलीकडच्या खोलीतल्या माणसाला ऐकू जाणार नाही. "तुमचा व्यवसाय काय?" असं तिनं विचारलं होतं. मर्ल म्हणाला, "ओरडणं. फावल्या वेळात पंप दुरुस्त करतो."

"नाही सांगितलं," मर्ल म्हणाला.

"सांग की! अरे, रडेल तो पोरगा. स्वतः माइक आणून हातात देईल तुझ्या."

"म्हणूनच नाही सांगायचं. छत्तीस वर्षं कुणाच्या बापाची परवानगी न घेता ओरडलो. आता शेवटची आरोळी काय दया म्हणून घेऊ? त्यात मजा काय राहिली?"

"मग परवानगीशिवाय ओरड."

"तेच ठरवलंय."

हेलन समाधानानं पुन्हा काकड्यांकडे वळली. "नाहीतर मी पातेली कधी चढवू?"

"घड्याळ बघून."

"घड्याळ! स्पर्धा कधी वेळेवर सुरू झालीय रे? एक वर्ष पंचाची खुर्ची मोडली म्हणून पाऊण तास बसलो होतो. ती खुर्ची कुणी मोडली होती, आठवतंय ना?"

"खिळखिळी होतीच ती," मर्ल म्हणाला आणि काकडीची एक फोड पळवली.

*

शनिवारी दुपारी शाळेच्या मैदानावर शेवटचा सराव चालू होता. मर्ल पोरांच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीची तोटी बदलत होता. ऊन असं की बिगुलाला हात लावला तर चटका बसावा. एक मुलगी रिकामी बाटली घेऊन आली. खांदे भाजून लाल झालेले, नाकावर पांढरं मलम. ती ब्रिन. माइकसमोर एकटीनं सूर धरणारी, तीच.

"अंकल मर्ल, थोडं बोलू का?"

"बोल. पाणी पीत पीत बोल."

"त्या दिवशी चूक माझी होती. मला हसू आलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"अगं, हसावं म्हणूनच ओरडतो मी."

"ठाऊक आहे. चार वर्षं मी मागच्या रांगेत होते, तेव्हा मला तुमचा आवाज आला की वाटायचं, चला, घरी आलो." तिनं बाटलीचं झाकण उगाचच उघडलं, लावलं. "पण आता मी एकटी पुढे असते ना. शांतता सुरू झाली की मी सूर विसरते आणि तुमचीच वाट बघत बसते. आत्ता ओरडतील, मग ओरडतील. ओठ सुकतात. बिगुलाला सुके ओठ चालत नाहीत. तुम्ही ओरडा, मी नको म्हणत नाही. फक्त मला आधी सांगून ठेवा, आज ओरडणार की नाही. म्हणजे मी एकदाची तयार राहीन."

"तुझं कितवं वर्ष हे?"

"शेवटचं. वीस तारखेला एकवीस पुरी होतात. गावात वाजवायची ही शेवटचीच वेळ."

मर्लनं तोटीचा आटा जरुरीपेक्षा दोनदा जास्त आवळला. डोक्यात भलंमोठं उत्तर तयार होत होतं, परंपरा, गायी, बगळे, सगळं. तोंडातून मात्र दोनच शब्द आले.

"नाही ओरडणार."

"नक्की?"

"पंपाची शपथ."

ब्रिननं त्याच्या तेलकट पंजाला आपला पंजा मारला आणि पळत रांगेत गेली. मर्ल तोटीकडे बघत राहिला. छत्तीस वर्षांची गोष्ट, आणि सोडायला अर्धं मिनिटही लागलं नाही. त्याला स्वतःचंच नवल वाटलं. थोडा रागही आला, पण कुणावर ते कळेना, म्हणून त्यानं तोटी पुन्हा सैल केली.

हेलनला सांगायला म्हणून तो ट्रककडे गेला. तिथं ती एका हातात पाव, दुसऱ्या हातात सुरी, समोर पन्नास पोरांची रांग, अशा अवस्थेत होती.

"हेलन, ऐक ना..."

"रांगेत ये!" हेलन ओरडली. पोरं हसली. मर्ल गेला तो गेलाच.

*

संध्याकाळी मर्ल नेहमीच्या जागी आला. सगळ्यात वरची रांग, डावा कोपरा, पाठीला लोखंडी कठडा. कठड्यावरून खाली वाकलं की मागच्या आवारात हेलनचा ट्रक दिसतो. त्याच्या जागेशेजारी स्वयंसेवकाचा पट्टा घातलेली एक दणकट बाई आधीच बसलेली होती.

"मिस्टर स्टबी? मी ग्लेंडा. मला तुमच्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय. पेपरमिंट घेता?"

"दोन द्या. तोंड बंद राहील."

पण खरी भानगड वेगळीच होती. मर्लनं खाली नजर टाकली. इंटरनेटवरची ती सगळी भांडकुदळ मंडळी आज प्रत्यक्ष हजर होती. जागोजागी लोकांच्या हातात गायीच्या गळ्यातल्या घंटा. दोघांनी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे पायघोळ झगे चढवलेले. शिंगं लावलेला एक माणूस शेजाऱ्याला सांगत होता, "म्हाताऱ्याला गप्प बसवलंय म्हणे. बसवू दे. आपण सगळे मिळून हंबरू!"

मर्ल उठला. ग्लेंडाही उठली. "कुठं निघालात?"

"तुमचंच काम करायला. चला बरोबर."

विलो लेकच्या आसपास नळ नाहीत. ज्याच्या त्याच्या घरी ज्याची त्याची विहीर, आणि त्यातल्या निम्म्याअधिक विहिरींत मर्लच्या हाताचा पंप. मर्ल रांगारांगांतून खाली उतरत गेला.

"काय रे डेल, शिंगं छान दिसतायत. पंप कसा चाललाय?"

"मस्त, मर्ल!"

"मस्तच चालू दे. आज ब्रिन सूर धरेल तेव्हा इथं कुणी हंबरलं, तर पुढच्या खेपेला बिघडेल तेव्हा मी मासे पकडायला गेलेलो असेन. नोव्हेंबरपर्यंत."

डेलनं शिंगं काढली.

"बाईसाहेब, घंटा द्या इकडे. नंतर मिळेल. तुमच्याकडे अजून तो जुना अर्ध्या अश्वशक्तीचाच आहे ना? हं."

बाईंनी घंटा दिली.

परगावच्या लोकांना पंपाची धमकी लागू पडत नव्हती. त्यांच्यासमोर ग्लेंडा नुसती उभी राहिली, तेवढं पुरलं. एकजण वाद घालायला उठला. "मी तुमच्या बाजूनं आहे हो! तुमच्या हक्कासाठीच आणलीय ही घंटा!"

"माझ्या हक्काला थोडा आराम हवाय," मर्ल म्हणाला. "द्या."

वर परत येईपर्यंत ग्लेंडाच्या कडेवरच्या खोक्यात बासष्ट घंटा जमल्या होत्या. खाली मैदानाच्या कडेला कोल्टन तोंड उघडं टाकून हे सगळं बघत होता. आजचा त्याचा शर्टही पांढराच होता.

सूर्य झाडांमागे गेला. दिवे लागले. हेरन्स मैदानावर आले, करड्या-निळ्या रांगा, पांढरे तुरे, माना ताठ. निवेदकानं नाव घेतलं. टाळ्या झाल्या आणि विरल्या.

शांतता.

मर्लला ती अशी कधी ऐकूच आली नव्हती. दर वर्षी तो स्वतःच ती मोडायचा ना. झेंड्याची दोरी खांबावर टकटक आपटत होती. ग्लेंडा तोंडातली पेपरमिंट न चघळता तशीच धरून बसली होती. सगळं स्टेडियम श्वास रोखून होतं, आणि पाच-सहा हजार माणसं त्याचीच वाट बघतायत हे त्याला पाठीच्या कण्यात कळत होतं. आरोळी घशाशी आली. त्या गाठीला वळसा घालून वर आली. मंगळवारनंतर ती येणार नव्हती. मर्लनं टोपी काढली आणि तोंडावर धरली.

दहा सेकंद. वीस. ब्रिननं एकदा, फक्त एकदा, वर डाव्या कोपऱ्याकडे बघितलं. मग तिनं बिगुल ओठांना लावलं.

सूर निघाला. बारीक, सरळ, तळ्यावरून एखादा पक्षी पंख न हलवता जावा तसा. कुठं काठाला लागला नाही, कुठं हलला नाही. मर्लनं छत्तीस वर्षांत पथकात एवढं सुंदर काही ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं असतं तरी त्याच्या स्वतःच्या गोंगाटात ते हरवलं असतं, असं त्याच्या मनात आलं. सूर संपला. ब्रिननं बिगुल खाली घेतलं. यानंतर चार ठोक्यांची विश्रांती आणि मग ढोल.

नेमक्या त्या विश्रांतीत, स्टेडियमच्या मागून, एक खणखणीत आवाज आला.

"मर्ल! गायी कुठायत रे?"

झालं होतं असं. वेळ उलटून गेली तरी आरोळी येईना, म्हणून हेलननं जनरेटर बंद करून कान दिला. बिगुल ऐकू आलं. म्हणजे खेळ सुरू झाला होता आणि आरोळी नव्हती. नवरा वर आहे, घशात गाठ आहे, आणि आवाज नाही. सूर तोडायचा नसतो हे तिला कळत होतं, पथकाच्या पोरांत तिचं आयुष्य गेलं होतं. सूर संपेपर्यंत ती पातेल्याचं झाकण हातात घेऊन थांबली. त्यापुढे एक क्षणसुद्धा नाही.

दीडशे हनुवट्या थरथरल्या. ब्रिनचे खांदे गदगदा हलले, पण बिगुल आता खाली होतं, हसायला मोकळीक होती. आणि मग जे ढोल कडाडले! बेचाळीस काय, चारशे गायी सुटल्या असत्या. स्टेडियम उभं राहिलं. ग्लेंडानं खोकं मांडीवर उपडं केलं आणि दोन्ही हातांनी घंटा वाजवत सुटली. अकरा मिनिटांत मर्लनं टोपी चेहऱ्यावरून काढली नाही. आता ती डोळ्यांवर होती, एवढाच फरक.

*

हेरन्सचा तिसरा नंबर आला. मागच्या आठवड्यातही तिसराच होता.

मर्ल ट्रकपाशी गेला तेव्हा रांग लागलेली होती. हेलननं त्याला बघितलं, बोट रोखावं तसा हातातला डाव त्याच्यावर रोखला.

"मॅकरोनी कच्ची राहिलीय. तुझ्यामुळे."

"कुणी ओरडलं गं मघाशी?"

"कोण जाणे. असेल कुणी गावंढळ बाई." मग हळूच, "घसा ठीक आहे ना रे?"

"ठीक आहे. वचन दिलं होतं पोरीला. दुपारी सांगायलाच आलो होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"रांगेत ये म्हणालीस."

हेलननं त्याच्या ताटात दोन डाव जास्तीचे वाढले. तीही कच्चीच होती.

एवढ्यात कोल्टन आला. पंचांच्या बैठकीतून तो थेट इकडेच आला होता. तो काही बोलायच्या आत हेलननं त्याच्याही हातात ताट दिलं, त्यामुळे त्याला ते धरूनच बोलावं लागलं.

"सर, मॅडम... पंचांनी टेप ऐकवली. तालाचा पंच मधेच म्हणतोय, 'हे गायींचं काय आहे?' आणि मग पाच सेकंद नुसता हसतोय. मग म्हणतो, 'असो. ढोल उत्तम.'" कोल्टननं ताट दुसऱ्या हातात घेतलं. "बैठकीत विचारलं त्यांनी, ती बाई कोण, तुमची का? मी म्हणालो, आमची. आणि वर बसतो तो म्हाताराही आमचाच."

मर्लनं त्याच्याकडे बघितलं. मग ताटाकडे.

"शर्टाला डाग पाडू नका," एवढंच म्हणाला.

*

पुढचा उन्हाळा. तीच वरची रांग, तोच डावा कोपरा. मर्ल बारीक झाला होता. गळ्यात उन्हाळ्यातही रुमाल. आता तो बोलला की माणसाला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागायचा, त्यामुळे लोक त्याच्या थट्टेला जास्तच सापडायचे. एका बाजूला ग्लेंडा होती, पेपरमिंटसकट. दुसऱ्या बाजूला ब्रिन, आता पथकातून बाहेर पडलेली, साध्या कपड्यांत, अस्वस्थ.

"हात कुठं ठेवू तेच कळत नाही हो," ती म्हणाली. "बिगुल नाही ना."

"माझंही तसंच," मर्ल कुजबुजला. "सवय होते."

हेरन्स मैदानावर आले. नवा खेळ, नवं संगीत. एका पानावर चार ठोके कोल्टननं हेलनसाठी मुद्दाम कोरे ठेवलेत, हे पथकातल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. टाळ्या विरल्या. माना लाकडासारख्या झाल्या.

मर्ल वळला, कठड्यावरून मागे वाकला. खाली आवारात, ट्रकबाहेर, हेलन हातात पातेल्याचं झाकण घेऊन वर बघत उभी होती.

त्यानं टोपी काढली आणि उंच धरली.

खाली जनरेटर बंद झाला.